दोन विमानांमधला कप

मुंबईहून पुण्याला जाणारी गाडी कर्जतला थांबते ती प्रवाशांना भूक लागली असेल म्हणून नव्हे. पुढे भोर घाट आहे. सदतीस फुटांना एक फूट असा त्याचा चढ. तो चढायला गाडीला मागून जोर देणारी जादा इंजिने लागतात आणि ती कर्जतला जोडली जातात. या जोडणीला काही मिनिटे लागतात आणि त्या मिनिटांत वड्याची पाटी खिडकीशी येते. एका हातात मावणारा, ताटलीची गरज नसलेला, रश्शाऐवजी कोरड्या चटणीवर भागणारा, पैसे पुढे करून गाडी हलायच्या आत घेता येणारा असा तो पदार्थ. कर्जतचा वडा घाटाच्या चढाने घडवला असे म्हटले तर थोडी अतिशयोक्ती होईल, पण थोडीच.

प्रवासातल्या खाण्याचा विचार आपण सहसा भुकेपासून सुरू करतो. माझ्या मते तो थांब्यापासून सुरू करावा. वाहन का थांबते, किती वेळ थांबते, आणि त्या वेळात प्रवाशाला बाहेर जाता येते की नाही, या तीन गोष्टींवर त्याच्या हातात काय पडणार आणि काय भावाने पडणार हे ठरते. एक विमान सोडून दुसरे पकडताना मधल्या तासा-दीड तासात घाईघाईने घेतलेली कॉफी आणि सँडविच हा आजच्या प्रवासातला अगदी क्षुल्लक प्रसंग. पण त्याच्यामागे नव्वद-पंचाण्णव वर्षांचा इतिहास आहे, आणि थोडे अर्थशास्त्रही.

विमानाचे सुरुवातीचे थांबे कर्जतसारखेच होते, यंत्राच्या गरजेपोटी घेतलेले. इंपीरियल एअरवेजने १९२९ मध्ये लंडन ते कराची अशी सेवा सुरू केली तेव्हा त्या प्रवासाला सात दिवस लागत, आणि त्यातला काही भाग चक्क रेल्वेने करावा लागे. विमानाची टाकी लहान, वेग कमी, रात्री उड्डाण नाही. त्यामुळे वाटेत मुक्काम आले. बगदाद आणि भूमध्य समुद्र यांच्या मधल्या वाळवंटात रुतबा नावाच्या ठिकाणी विहिरींजवळ एक किल्लेवजा इमारत होती. तिथे विमाने उतरत, प्रवासी जेवत आणि झोपत. १९३२ मध्ये शारजाच्या शेखांशी करार होऊन तिथेही असेच एक विश्रामगृह झाले. भक्कम भिंती, बाहेर शेखांचा सशस्त्र पहारा, आत इंग्रजी पद्धतीचे जेवण. त्या ‘महट्टा’चे आता संग्रहालय झाले आहे आणि जुन्या धावपट्टीवरून शहराचा एक गजबजलेला रस्ता जातो. आपल्याकडच्या डाकबंगल्याचेच हे भावंड. खानसामा, ठरावीक खाना आणि सकाळी पुढचा टप्पा. तिकिटाच्या पैशांत जेवण धरलेले असे. म्हणजे विकत घेण्याचा प्रश्नच नव्हता. प्रवासी हा पाहुणा होता.

त्याच वर्षी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला विमान उतरवले. अहमदाबादला त्यांच्या विमानात जे पेट्रोल भरले ते बैलगाडीतून डब्यांनी आणलेले होते. विमान त्या थांब्यावर ‘जेवत’ होते. माणूस एकटाच असल्याने त्याच्या जेवणाची नोंद कुणी ठेवली नाही.

या यांत्रिक थांब्यांतून जगाला मिळालेली सर्वांत प्रसिद्ध गोष्ट म्हणजे एक कॉफीच आहे, आणि तिची हकीकत जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे.

आयर्लंडच्या पश्चिमेला शॅनन नदी समुद्राला मिळते तिथे फॉइन्स नावाचे लहानसे बंदर आहे. १९३०च्या दशकाच्या अखेरीस अटलांटिक ओलांडणारी विमाने म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या अवाढव्य ‘उडत्या बोटी’ होत्या. युरोपच्या अगदी कडेला असलेले फॉइन्स हे त्यांचे शेवटचे ठाणे. इथे पोटभर इंधन घ्यायचे आणि न्यूफाउंडलंडमधल्या बॉटवुडकडे झेप घ्यायची, सुमारे तीन हजार दोनशे किलोमीटर. अटलांटिकवरचा वारा पश्चिमेकडून वाहतो. म्हणजे अमेरिकेकडे जाताना तो तोंडावर येतो. पाच-सहा तास उडून झाल्यावर वैमानिकाच्या लक्षात येई की या वाऱ्यापुढे इंधन पुरणार नाही. मग परत फिरायचे. रात्रभर थंडीत कुडकुडून प्रवासी पुन्हा त्याच धक्क्यावर उतरायचे, जिथून ते संध्याकाळी निघाले होते.

दुसरे महायुद्ध चालू होते. आयर्लंड तटस्थ होते, त्यामुळे फॉइन्समधून मुत्सद्दी, सेनाधिकारी, निर्वासित, नट-नट्या अशी सरमिसळ वर्दळ चाले. तिथल्या उपाहारगृहाची जबाबदारी ब्रेंडन ओ’रेगन या तरुणाकडे होती आणि मुदपाकखान्यात जो शेरिडन नावाचा आचारी होता. १९४३च्या हिवाळ्यातल्या एका रात्री असेच एक विमान अर्ध्या वाटेवरून परत आले. गारठलेल्या लोकांना काहीतरी ऊब आणणारे द्यावे म्हणून शेरिडनने गरम कॉफीत आयरिश व्हिस्की घातली, साखर ढवळली आणि वर साय सोडली. कुणीतरी विचारले, ही ब्राझीलची कॉफी आहे का? शेरिडन म्हणाला, नाही, ही आयरिश कॉफी. असे सांगतात. अशा गोष्टी सांगता सांगता गुळगुळीत होत जातात, तेव्हा संवादाची हमी मी देणार नाही. पण पेय, आचारी आणि ठिकाण याबद्दल फारसा वाद नाही, आणि फॉइन्सच्या उडत्या बोटींच्या संग्रहालयात आजही ती कॉफी अभिमानाने दिली जाते.

यातली साखर निव्वळ गोडीसाठी नाही. साखर विरघळली की कॉफीची घनता वाढते आणि हलकी फेटलेली साय वर तरंगून राहते. साखर नसेल तर साय खाली बसू लागते. सॅन फ्रान्सिस्कोमधल्या ब्वेना व्हिस्टा कॅफेत १९५२ मध्ये स्टॅन्टन डेलाप्लेन या प्रवासलेखकाने आणि कॅफेचे मालक जॅक केप्लर यांनी ही कॉफी करायचा प्रयत्न केला तेव्हा साय सारखी बुडत होती. अखेर जॉर्ज ख्रिस्तोफर या दुग्धव्यावसायिकाने (पुढे ते त्या शहराचे महापौर झाले) सल्ला दिला की साय दोन दिवस ठेवून मग फेटावी. तेव्हा ती तरंगली. विमान परत फिरले म्हणून जन्मलेले पेय अशा रीतीने जमिनीवर स्थायिक झाले.

युद्ध संपता संपता उडत्या बोटींचे दिवस संपले. धावपट्टीवरून उडणारी लांब पल्ल्याची विमाने आली आणि सगळा कारभार नदीच्या पलीकडच्या तीरावर, शॅनन विमानतळावर गेला. ओ’रेगनही तिकडे गेला, आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाची अशी त्याची दुसरी कल्पना तिथली आहे. अटलांटिक ओलांडणारा प्रवासी इथे तास-दीड तास बसतो. तो आयर्लंडमध्ये आला आहे खरा, पण सीमाशुल्काच्या दाराबाहेर पडलेला नाही. मग त्याला करमुक्त माल का विकू नये? १९४७ मध्ये शॅननला जगातले पहिले ड्यूटी-फ्री दुकान सुरू झाले. विमान इंधन घेत असताना मोकळा बसलेला माणूस हा पाहुणा राहिला नाही, गिऱ्हाईक झाला. आजच्या विमानतळावरची सगळी चकचकीत दुकानरांग या एका शोधाची वंशज आहे.

आपल्याकडेही त्याच सुमाराला, ८ जून १९४८ रोजी, एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून ३५ प्रवासी घेऊन लंडनला निघाले. वाटेत कैरो आणि जिनिव्हा. पुढे १९६०च्या आगेमागे जेट विमाने आली आणि इंधनाचे थांबे गळत गेले. शॅननवरून विमाने न थांबता जाऊ लागली. तर्काने पाहिले तर इथे विमानतळावरच्या खाण्याची गोष्ट संपायला हवी होती.

ती संपली नाही, कारण थांबण्याचे कारण बदलले. १९७८ मध्ये अमेरिकेने विमानकंपन्यांवरचे मार्ग आणि भाडे यांचे नियंत्रण उठवले. प्रत्येक गावातून प्रत्येक गावाला विमान सोडणे परवडत नाही. त्यापेक्षा सगळ्या गावांतून एका मोठ्या ठाण्यावर माणसे आणायची, तिथे विमाने बदलायची आणि पुन्हा पांगवायची, हे स्वस्त पडते. सायकलच्या चाकाच्या आऱ्या आणि मधला तुंबा, तसे. अटलांटा हे याचे ठळक उदाहरण. तिकडच्या दक्षिणेत विनोदाने म्हणतात की स्वर्गात जायचे असो की नरकात, अटलांटाला विमान बदलावेच लागते. आपल्या घरांतल्या अमेरिकावाऱ्यांनी दुबई, दोहा, फ्रँकफर्ट ही गावे अशीच पाहिली आहेत. म्हणजे गाव पाहिलेच नाही, त्याचे विमानतळ तेवढे पाहिले.

पूर्वी विमानाला थांबावे लागे म्हणून माणूस थांबे. आता विमान आपल्या वाटेने निघून जाते आणि माणूस तेवढा थांबतो.

या व्यवस्थेत विमाने लाटांनी येतात. तास-दीड तासाच्या अवधीत तीस-चाळीस विमाने उतरतात, थोड्या वेळाने तेवढीच उडतात, मग सामसूम. त्यामुळे कॉफीच्या टपरीवरही भरती-ओहोटी असते. भरतीच्या वेळी काय होते याचा हिशेब कागदावर करण्यासारखा आहे. रांगांचे गणित सांगणारा एक साधा नियम आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये त्याची सिद्धता दिली. रांगेत सरासरी किती माणसे असतील? तर दर मिनिटाला जितकी येतात, गुणिले प्रत्येकाला लागणारी मिनिटे. उलटा लावला तर आपल्याला किती थांबावे लागेल ते कळते. समजा, दोन मुले यंत्रावर आहेत. एस्प्रेसो उतरायला पंचवीस-तीस सेकंद, दूध वाफवायला साधारण तेवढेच, पैसे घेणे, कपावर नाव लिहिणे. माणशी सव्वा मिनिट धरा. दोघे मिळून एक कप साधारण अडतीस सेकंदांत. पुढे वीस माणसे असतील तर साडेबारा मिनिटे. त्यातल्या काहींना पफ गरम करून हवा असतो आणि एखादे आजोबा ‘यात साखर किती असते?’ असे विचारतात, म्हणून पंधरा.

आता तिकिटावर सत्तर मिनिटांचे अंतर आहे, असे धरू. सत्ताविसाव्या रांगेतून बाहेर पडायला बारा मिनिटे. पुन्हा सुरक्षा तपासणी असेल तर अठरा. पुढच्या दारापर्यंत चालायला दहा. दार उड्डाणाच्या वीस-पंचवीस मिनिटे आधी बंद होते. सत्तरातून हे सगळे वजा केले तर हातात उरतात पाच मिनिटे, फार तर दहा. रांग पंधराची आहे. कॉफी घेतलेली माणसे पळताना का दिसतात याचे उत्तर या वजाबाकीत आहे. तिकीट विकणारी संगणकप्रणाली दोन विमानांमधला जो किमान अवधी मान्य करते, तो तुम्ही पुढच्या दाराशी पोहोचाल एवढे पाहते. तुम्ही काही खाल, हे त्यात धरलेले नसते. मुंबईत सांताक्रूझकडचे टर्मिनल आणि सहारचे टर्मिनल यांच्यात तर काही किलोमीटरचा रस्ता आहे, तिथे वजाबाकी आणखी कडक होते.

इटलीत या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी काढले गेले: काउंटरशी उभे राहून दोन घोटांत एस्प्रेसो संपवायची आणि निघायचे. आपल्याकडे दक्षिणेने त्याहून चांगले काढले आहे. फिल्टर कॉफीचा डिकॉक्शन आधीच उतरवून ठेवलेला असतो, दूध तापलेलेच असते. दोन्ही एकत्र ओतायला काही सेकंद पुरतात. बंगळूरच्या विमानतळावर फिल्टर कॉफीची रांग लांब असूनही भराभर सरकते ती यामुळे. यंत्र जितके देखणे तितकी रांग मंद, असा माझा अनुभव आहे.

मराठी माणसाला खरा प्रश्न वेगळा पडतो. आपण चहा पिणारे लोक, मग विमानतळावर जिकडे तिकडे कॉफीच का? याला कारणे अनेक आहेत, पण एक अगदी ढोबळ आहे. आपला चहा उकळावा लागतो. पातेले, शेगडी, उतू जाणे, गाळणे. बंदिस्त टर्मिनलात उघड्या ज्योतीवर बंधने असतात. कॉफीचे यंत्र विजेवर चालते, एका कोपऱ्यात मावते, आणि इटालियन कारागीर अकिले गाजिया यांनी १९३८ मध्ये आणलेल्या दाबाच्या युक्तीपासून ते वेगासाठीच घडत आले आहे. म्हणून विमानतळावर चहा मागितला की बहुधा गरम पाण्याचा कप आणि दोरीला बांधलेली पुडी हातात येते. चहाची ती थट्टा आहे असे माझे स्पष्ट मत आहे. अलीकडे विजेच्या शेगडीवर उकळलेला चहा काही ठिकाणी मिळू लागला आहे, ही सुधारणा म्हणायची.

विमानात तर चहाची अवस्था याहून वाईट. उडत्या विमानातला हवेचा दाब समुद्रसपाटीइतका राखत नाहीत. तो साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तितका असतो. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर. म्हणजे आपण बसल्या जागी कळसूबाईहून उंच असतो. २४०० मीटरवर पाणी सुमारे ९२ अंशांना उकळते. कॉफीला तेवढे चालते, चहाला खळखळते पाणी हवे. शिवाय वर जीभही मंदावते. लुफ्तान्झासाठी जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने विमानाच्या बंद सांगाड्यात दाब आणि आर्द्रता कमी करून चाचण्या केल्या, त्यांत खारट आणि गोड या चवी लक्षणीय फिक्या लागल्याचे आढळले. दोन विमानांच्या मध्ये जमिनीवर घेतलेली साधी कॉफीसुद्धा एकदम चवदार वाटते, त्यात थकव्याइतकाच या उतरलेल्या दाबाचा वाटा असावा.

आता मुद्द्याच्या अवघड भागाकडे येतो.

मागच्या हिवाळ्यात एका विमानतळावर (नाव सांगायचे कारण नाही) माझे पुढचे विमान तीन तास उशिरा होते. शेजारच्या खुर्चीवर आखातातून परत येणारे एक गृहस्थ होते, चाळिशीचे, बांधकामावर काम करणारे. पहाटे पाचला खोलीवरून निघाले होते. दिल्लीहून येणाऱ्या कुणाचा तरी निरोप घ्यायचा म्हणून त्यांचा फोन चालू होता. ते उठले, काउंटरपाशी गेले, वर लावलेला दरफलक वाचला, मुलीला एक-दोन प्रश्न विचारले आणि परत येऊन बसले. “दोनशे ऐंशी सांगतात हो, चहाचे,” एवढेच म्हणाले. मग नळावर जाऊन पाणी पिऊन आले. त्यांच्या खिशात पैसे नव्हते असे नाही. वर्षभराची कमाई घेऊन ते गावी निघाले होते. चहाला दोनशे ऐंशी द्यायचे हे त्यांच्या हिशेबात बसत नव्हते.

हा दर येतो कुठून? दुकानदार विमानतळाला नुसते भाडे देत नाही. बहुधा तो एक किमान रक्कम किंवा विक्रीतला ठरावीक हिस्सा, यांपैकी जे जास्त असेल ते देतो. दिल्ली आणि मुंबईचे विमानतळ २००६ मध्ये खासगी कंपन्यांकडे चालवायला दिले तेव्हा त्या कंपन्यांनी आपल्या उत्पन्नातला हिस्सा विमानतळ प्राधिकरणाला द्यायचे ठरले. दिल्लीचा ४५.९९ टक्के, मुंबईचा ३८.७ टक्के. म्हणजे दिल्लीत विमानतळ कंपनीकडे शंभर रुपये आले की जवळपास शेहेचाळीस पुढे सरकतात. शिवाय धावपट्टी, पार्किंग यांसाठी विमानकंपन्यांकडून किती आकार घ्यायचा हे ठरवताना दुकाने-उपाहारगृहे अशा बिगरविमान उत्पन्नातले ३० टक्के हिशेबात धरले जातात आणि तेवढा आकार कमी केला जातो. २०१६च्या नागरी विमान वाहतूक धोरणाने हीच पद्धत सर्वत्र मान्य केली. थोडक्यात, विमान उतरवण्याच्या खर्चाचा एक भाग कॉफीच्या कपातून वसूल होतो, आणि प्राधिकरणाकडे गेलेल्या हिश्श्यातून तोट्यातल्या लहान विमानतळांचाही काही भार उचलला जातो. दुकानदाराला मालाची तपासणी, कामगारांचे पास, रात्रपाळी, आतल्या मुदपाकखान्यात मोजून ठेवावे लागणारे सुरे, हा खर्च वेगळाच.

हे सगळे खरे आहे. तरीही यातून किमतीचा खालचा भाग समजतो, वरचा नाही. वरचा भाग येतो तो गिऱ्हाईक बाहेर जाऊ शकत नाही यातून. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनला द्रव स्फोटकांचा कट उघड झाला आणि त्यानंतर आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या सामानात शंभर मिलिलिटरहून मोठी द्रवाची बाटली नेण्यावर जगभर बंधन आले. सुरक्षेचा निर्णय म्हणून तो योग्यच असेल. पण त्याचा एक परिणाम असा झाला की तपासणीच्या अलीकडे पाणी फेकायचे आणि पलीकडे विकत घ्यायचे, हा क्रम पक्का झाला.

कायद्याची मदत मर्यादित आहे. एकसारख्या वेष्टनबंद मालावर दोन वेगवेगळ्या कमाल किमती छापता येणार नाहीत, असा नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाला. त्यामुळे बाटलीबंद पाण्याच्या बाबतीत दाद मागता येते. पण त्याच्या काहीच दिवस आधी, डिसेंबर २०१७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने हॉटेल-उपाहारगृहे पाण्याच्या बाटलीला छापील किमतीहून जास्त घेऊ शकतात असे म्हटले होते, कारण तिथे नुसता माल विकला जात नाही, सेवाही दिली जाते. आणि कपातल्या चहा-कॉफीवर तर काही छापलेलेच नसते. त्याच २०१८ साली माजी अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी चेन्नई विमानतळावर १३५ रुपयांचा पुडीचा चहा नाकारल्याचे जाहीरपणे लिहिले. ज्यांनी देशाचे अंदाजपत्रक मांडले त्यांनाही तो हिशेब पटला नाही, याचे मला थोडे समाधान वाटले.

दर खाली ठेवता येत नाहीत असे मात्र नाही. अमेरिकेत पिट्सबर्गला १९९२ मध्ये नवे टर्मिनल झाले तेव्हा आतल्या दुकानांनी शहरात जो भाव आहे तोच घ्यायचा, अशी अट घातली गेली. विमानतळावरची खरेदी त्यामुळे तोट्यात गेली नाही. ते टर्मिनल खरेदीसाठीच नावाजले गेले. पोर्टलंडच्या विमानतळानेही हाच नियम वर्षानुवर्षे पाळला आहे. आपल्याकडे डिसेंबर २०२४ मध्ये कोलकाता विमानतळावर ‘उडान यात्री कॅफे’ सुरू झाला. चहा दहा रुपये, पाणी दहा, कॉफी वीस, समोसा वीस. पुढे चेन्नई आणि इतर विमानतळांवरही असे कॅफे निघाले. तिथली गर्दी सांगून गेली की विमानाने जाणारा प्रत्येक माणूस श्रीमंत असतो हे गृहीतक आता जुने झाले. ‘उडान’ योजनेतले पहिले विमान एप्रिल २०१७ मध्ये सिमल्याहून निघाले, त्याला आता बरीच वर्षे झाली. विमानतळ हळूहळू एसटी स्टँडच्या जागी येत आहे. स्टँडवर कॅंटीन असते, तसे इथेही असायला हवे, एवढीच ही मागणी आहे.

या कॅफेंबाबत एक प्रश्न मात्र जागेचा आहे. कॅफे सुरक्षा तपासणीच्या अलीकडे असेल तर गावातून येणाऱ्या प्रवाशाला त्याचा उपयोग होतो, पण एका विमानातून उतरून आतल्या आत दुसऱ्याकडे जाणाऱ्याला तो दिसतसुद्धा नाही. ज्याच्याकडे वेळ सर्वांत कमी आणि पर्याय तर नाहीतच, तो प्रवासी पुन्हा महागड्या रांगेत उभा. दहा रुपयांचा चहा भिंतीच्या नेमक्या कोणत्या बाजूला मिळतो, हे निविदा काढताना पाहिले पाहिजे.

तोवर आपली जुनी युक्ती आहेच. शिदोरी. कोरडे खाणे तपासणीत सहसा अडवत नाहीत. दुधात भिजवलेल्या दशम्या, धपाटे, मेथीचे ठेपले, गूळपोळी हे पदार्थ दोन दिवस टिकावेत म्हणूनच केले गेले. दशमीत पाण्याऐवजी दूध असते ते टिकण्यासाठी आणि मऊ राहण्यासाठी. लोणच्याची बरणी मात्र अडते, आणि दिवाळीच्या फराळाबरोबर सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे: मालवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय यादीत सुके खोबरे आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांत गणले जाते, तेल भरपूर असल्यामुळे. करंजीतल्या खोबऱ्याला कुणी हरकत घेतल्याचे ऐकिवात नाही.

त्या रात्री शेजारच्या गृहस्थांना मी पिशवीतून दोन दशम्या काढून दिल्या. एक त्यांनी खाल्ली, एक कागदात गुंडाळून ठेवली. बसस्टँडवर पोहोचायला अजून सहा तास होते, तिथे चहा मिळेल, म्हणाले.